चौदा सेकंदांचा नगारा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा नगारा आहे. उंचीने तुमच्या कमरेइतका, पोटाने मात्र चांगला खाऊनपिऊन सुखी. तुम्ही मला कधी पाहिलेले नसेल, पण माझा आवाज कोट्यवधी माणसांनी ऐकला आहे. मी स्वतःचीच टिमकी वाजवतो आहे असे तुम्हाला वाटेल. वाटू द्या. नगाऱ्याने टिमकी वाजवायची नाही तर कोणी वाजवायची?

माझा जन्म १९२२ साली शिकागोत झाला. एका म्हाताऱ्या तांबटाने मला तीन आठवडे ठोकून ठोकून गोल केले. मग माझ्या तोंडावर वासराचे कातडे ताणून बसवले, कडेने सहा चाव्या लावल्या आणि एका टिपराने मला पहिल्यांदा वाजवून पाहिले. मी घुमलो, आवाज खिडकीतून बाहेर गेला आणि परत आला नाही. त्या क्षणापासून मला एकच कोडे पडले आहे. आपण वाजतो, पण आपला आवाज जातो कुठे? तो कोणाला भेटतो? तेव्हा काय घडते?

मला विकत घेतले एल्मर विट्कोव्स्कीने. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, हडकुळा आणि अतिशय नीटनेटका. तो एका मोठ्या सिनेमागृहाच्या वाद्यवृंदात होता. ते मूकपटांचे दिवस होते. पडद्यावरची माणसे नुसतीच ओठ हलवत, आणि आम्ही बत्तीस वादक खाली पडद्यापुढच्या खड्ड्यात बसून त्यांचे रडणे, पळणे, भांडणे वाजवत असू. चित्रपट सुरू होण्याआधी आम्ही सात मिनिटे सलामीची सुरावट वाजवायचो. तेवढ्यात लोक आत यायचे, कोट काढायचे, शेंगदाण्यांचे पुडे उघडायचे, शेजाऱ्याच्या पायावर पाय द्यायचे आणि हळूहळू गप्प व्हायचे. त्या सात मिनिटांचे खरे काम काय होते हे मला फार उशिरा कळले. घरून आलेल्या माणसाचा प्रेक्षक व्हायला तेवढा वेळ लागतो.

मग बोलपट आले. पडदाच बोलू लागला, गाऊ लागला, आणि एका शनिवारी बत्तीसच्या बत्तीस वादकांना घरी पाठवले. एल्मरचे लग्न होऊन तेव्हा महिना झाला होता. त्याची बायको पर्ल मोठी हसरी आणि तोंडाने तितकीच फटकळ. ती म्हणाली, "सिनेमा बोलायला शिकला ना? मग जिथं त्याला बोलायला शिकवतात तिथंच जाऊ." मला एका लाकडी खोक्यात घालून दोघे आगगाडीने लॉस एंजेलिसला आले.

मित्रांनो, बोलपटांमुळे एक गंमत झाली. खड्डा ओस पडला आणि सलामीची सात मिनिटेही गेली. दिवे मालवले की चित्रपट एकदम सुरू होई आणि लोकांचे शेंगदाणे अजून चालूच असत. मग प्रत्येक कंपनीला वाटू लागले की आपले चिन्ह पडद्यावर येताच असे काही वाजले पाहिजे की माणूस घास हातात धरून थांबेल. कोणी जनावराची डरकाळी घेतली, कोणी घंटेचा टोल, कोणी नुसत्याच पिपाण्या फुंकल्या. ह्या ललकाऱ्या कुठून आल्या असे विद्वान लोक विचारतात. कोणी राजदरबाराचे नाव घेते, कोणी रणांगणाचे. माझे मत विचाराल तर आमची सात मिनिटांची सुरावटच आटत आटत दहा-पंधरा सेकंदांवर आली होती. पण नगाऱ्याला विचारतो कोण?

एल्मरला काम मिळाले सिल्व्हर हेरॉन पिक्चर्स ह्या कंपनीत, तेही रोजंदारीवर. कंपनीचे मालक मिस्टर ग्रॉसबार्ड पूर्वी बायकांच्या टोप्या विकत. त्यांना संगीतातले ओ की ठो कळत नव्हते, पण आवडले की नाही हे मात्र तत्काळ कळत होते. त्यांच्या कंपनीचे चिन्ह होते एक चंदेरी बगळा. तो समुद्रावरून उडत येतो, एका खडकावर उतरतो आणि पंख मिटतो. आता हा बगळा होता पेंढा भरलेला आणि तारेने ओढलेला. उडायचा बरा, पण खडकावर उतरायचा म्हणजे भिंतीत खिळा ठोकावा तसा उभा राहायचा. ग्रॉसबार्ड डोके धरून बसत. "हा उतरत नाही, हा टेकवला जातो!" असे ते ओरडत. तीन संगीतकारांनी तीन ललकाऱ्या करून पाहिल्या आणि तिघेही गेले.

चौथे होते डॉक्टर लिंडेनाव, व्हिएन्नाहून आलेले, फार कडक. त्यांनी चौदा सेकंदांची ललकारी लिहिली. आधी शिंगे, मग व्हायोलिनांची चढण, मग झांजा, आणि बगळ्याचे पाय खडकाला लागताना बाकी सगळे गप्प होऊन मी एकटा. एकच खर्जातला सूर, आधी थरथरता आणि मग एक ठोका. कागदावर इतकेच होते.

ध्वनिमुद्रण १९३७ च्या ऑक्टोबरात झाले. त्या दिवशी वाळवंटावरून गरम वारा सुटला होता. असा वारा सुटला की माझे कातडे पापडासारखे कडक होते आणि सूर वर चढतो. त्यावर एल्मरचा उपाय ठरलेला होता. ओला फडका कातड्यावरून फिरवायचा, ते जरा सैल पडू द्यायचे, मग चाव्या पिळून सूर नेमका लावायचा. तो फडका फिरवत होता तेवढ्यात वादकांच्या मुकादमाने शिट्टी वाजवली. "दहा मिनिटं!" आमच्या संघटनेचा नियमच होता तसा. तासाला दहा मिनिटे विश्रांती, आणि त्या वेळात वाद्याला कोणी हात लावायचा नाही.

त्या दिवशी एल्मरची मुलगी थेल्मा एक वर्षाची झाली होती. पर्लने सगळ्यांसाठी खोकेभर डोनट पाठवले होते. एल्मर ते वाटायला धावला आणि ओला फडका माझ्या कडेवर तसाच राहिला. असे त्याच्या हातून आधी कधी झाले नव्हते. दहा मिनिटे मी एका बाजूने भिजत पडलो. ओरडून सांगावे असे फार वाटले, पण मला वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

तो परत आला, फडका पाहून त्याचा चेहराच उतरला. फडका खिशात कोंबून तो चाव्या पिळू लागला, तोच मुकादम येऊन म्हणाला, "विट्को, आटप! सात मिनिटं उरलीत. एक वाजल्यावर जादा तास लागला तर मालक माझी कातडी काढतील."

एल्मरने कान माझ्याजवळ आणून सूर घाईने लावला. लाल दिवा लागला. शिंगे वाजली, व्हायोलिने चढली, झांजा झाल्या आणि माझी वेळ आली. एल्मरची टिपरे पडू लागली तशी ती ओली बाजू दबत गेली. सूर जागेवर राहिलाच नाही. "धूंऽऽऽम्" करत तो खाली बसला.

कोणी हलले नाही. डॉक्टर लिंडेनाव कानापर्यंत लाल झाले होते आणि एल्मर पांढराफटक. तेवढ्यात काचेमागच्या खोलीचे दार धाडकन उघडले आणि मिस्टर ग्रॉसबार्ड जवळजवळ पळतच आले.

"बसला!" ते ओरडले. "अरे, बसला बगळा! खडकावर वजन पडलं त्याचं! डॉक्टर, हे काय केलंत तुम्ही?"

"मी नाही," डॉक्टर म्हणाले. "विट्कोव्स्की, हे तू मुद्दाम वाजवलंस?"

मित्रांनो, मंदीचे दिवस होते ते. बाहेर फाटकाशी रोज वीसेक वादक कामाच्या आशेने उभे असत आणि घरी वर्षाची मुलगी होती. एल्मरने खिशातला फडका मुठीत आवळला.

"हो," तो म्हणाला. "मला वाटलं, पक्ष्याला जरा वजन हवंय."

"ह्याला कायमचा घ्या!" ग्रॉसबार्ड म्हणाले. एल्मरची नोकरी पक्की झाली, आणि खोटेही पक्के झाले.

त्यानंतर माझा आवाज कुठे कुठे गेला! तो फिल्मच्या कडेला बारीक रेघांचा होऊन बसला, डब्यांत भरून निघाला आणि मी कधी पाहिली नाहीत अशा गावांत रोज चार-चार वेळा घुमू लागला. मी घरी गवसणीत झाकलेला असायचो आणि त्याच वेळी दूरच्या ओमाहा शहरात वाजत असायचो. हे कसे होते हे मला अजून नीट समजलेले नाही. संगीताच्या शाळांतून 'विट्कोव्स्कीचा उतार' म्हणून तो प्रकार शिकवू लागले. पोरे एल्मरला विचारायला येत. तो नजर चुकवून म्हणे, "मनगटात असतं ते." बिचारी घरी जाऊन मनगटे झिजवत.

कामात एल्मर पुन्हा कधी चुकला नाही. बाकी शेकडो चित्रपटांत त्याने मला जीव ओतून वाजवले, पण पडद्यावर वादकांची नावे येत नसत. जगाला त्याचा तो उतार तेवढा ठाऊक होता आणि तोच नेमका त्याचा नव्हता. त्याला ते फार लागले. सिनेमाला गेला की तो मुद्दाम ललकारी संपल्यावर आत शिरायचा. घरी परतल्यावर जे भांडण व्हायचे ते मी बैठकीच्या कोपऱ्यातून ऐकायचो.

"सगळं जग त्या चौदा सेकंदांसाठी धावत आत येतं," पर्ल म्हणायची, "आणि ज्यानं ते वाजवलं तो बाहेर मक्याच्या लाह्यांच्या रांगेत!"

"मला लाह्या गरम लागतात."

"एकोणीस वर्षं? एल्मर, एकदा तरी शेजारी बसून ऐक ना रे माझ्या."

"पुढच्या वेळी," तो म्हणायचा. मग ती माझ्या पोटावर चापट मारून म्हणायची, "ह्याच्या आवाजाची लाज वाटते वाटतं तुला."

१९५८ मध्ये कंपन्यांनी कायमचे वाद्यवृंद बंद केले. मी एल्मरच्या गॅरेजमध्ये गेलो. एका बाजूला गवत कापायचे यंत्र, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे, अंगावर ताडपत्री. अकरा वर्षांनी पर्ल वारली. त्या आठवड्यात एल्मर एकदा गॅरेजमध्ये येऊन माझ्याजवळ बसला, ताडपत्री न काढताच. काहीतरी बोलेल असे वाटले, पण तो उठून गेला.

मग १९७७ साली केन मोरिओका नावाचा ध्वनिमुद्रक घरी आला. त्रेचाळिशीचा, अबोल माणूस. कंपनीला ललकारी नव्याने मुद्रित करायची होती. जुना ध्वनी झिजून खरखरत होता आणि नव्या चित्रपटगृहांत चहूबाजूंनी कर्णे बसले होते.

"नव्या नगाऱ्यांना पायानं सूर उतरवता येतो," केन म्हणाला. "आम्ही करूनही पाहिलं. पण बगळा घसरगुंडीवरून आल्यासारखा वाटतो. पुढची चाळीस वर्षं लोक जे ऐकतील ते तुम्हीच वाजवावं, मिस्टर विट्कोव्स्की."

एल्मर शहात्तर वर्षांचा होता. तो हो म्हणाला. केन गेल्यावर त्याने ताडपत्री काढली आणि मला पुसता पुसता तो पुटपुटला, "ह्या खेपेला कागदावर आहे तसं वाजवू. सरळ. म्हणजे ती भानगड कायमची मिटेल, आणि कोणाला काही सांगायलाही नको." म्हणजे त्याला खोटे पुसायचे होते, पण कबूल न करता. मला ते पटले नाही. पण वाजायचे कसे हे नगाऱ्याच्या हातात नसते.

ध्वनिमुद्रणाला थेल्मा त्याला घेऊन आली. वाद्यवृंदातल्या तरुण पोरांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. एल्मरने मान खाली घातली. लाल दिवा लागला आणि आम्ही ललकारी वाजवली. माझा सूर सरळ आला, स्वच्छ आणि बरोब्बर. दुसऱ्यांदाही तसाच, तिसऱ्यांदाही तसाच.

काचेमागून केनचा आवाज आला, "सुरेख आहे. पण उतार राहिला."

"कागदावर एकच सूर आहे," एल्मर ताठपणे म्हणाला. "बघून घे."

केन स्वतः खाली आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"तुम्हाला एक सांगू? मी आठ वर्षांचा होतो तेव्हा युद्ध लागलं. आम्ही जपानी वंशाचे म्हणून घरदार सोडून आम्हाला वाळवंटातल्या छावणीत नेऊन ठेवलं. भोवती काटेरी तारा. कधीमधी दोन बराकींच्या मध्ये चादर लावून सिनेमा दाखवायचे. सुरुवातीला हा बगळा यायचा. तो तुमच्या धूंऽऽम् ला उतरला की आम्ही झाडून सगळी पोरं गुडघे वाकवायचो. जमीन आमच्याच पायाखाली दबतेय असं वाटायचं. तेवढ्यापुरती माझी आई हसायची."

"गुडघे वाकवायचात?" एल्मरने विचारले.

"सगळीकडची पोरं वाकवतात. तुम्ही थेटरात कधी पाहिलं नाही?"

एल्मरने पडद्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मला दाखव. आधी आत्ताचं, मग जुनं."

दिवे मंद झाले. मी तोवर बगळा कधी पाहिला नव्हता. ध्वनिमुद्रण करताना पडदा माझ्या पाठीशी असायचा. त्या दिवशी मला वळवून ठेवले होते म्हणून दिसला. आमच्या सरळ सुराला तो खडकावर आला आणि खुंटीसारखा उभा राहिला. मग जुना, खरखरणारा ध्वनी लावला. तोच बगळा, तीच तार, तोच पेंढा. पण सूर दबला आणि बगळा खरोखर उतरला. खडकाने त्याला झेलले. माझा आवाज जाऊन काय करतो हे मला पंचावन्न वर्षांनी कळले, मित्रांनो. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

एल्मर मात्र टिपरे मांडीवर ठेवून बसला होता.

"हे मनगटात नसतं," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण त्या दालनात टाचणी पडली तरी ऐकू येते. "मी फडका विसरलो होतो. ओला फडका, ह्याच्या कडेवर. दहा मिनिटांच्या सुट्टीत. मी बाहेर डोनट वाटत होतो. मालकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मागे झांजा वाजवणारा दाढीवाला तरुण उभा राहिला.

"म्हणजे... तो उतार यावा म्हणून मी कॉलेजात चार कातडी फाडली, ती?"

"चार?" एल्मर म्हणाला. "माफ कर रे पोरा. एक फडका पुरला असता."

आधी तो दाढीवालाच हसला. मग शिंगे हसली, व्हायोलिने हसली, आणि चाळीस वर्षे ज्या हसण्याला एल्मर भीत आला होता ते असे येऊन गेले. त्यात त्याला टोचेल असे काहीच नव्हते.

"एक फडका आणा," तो म्हणाला. "पाणी आणा. आणि मला दहा मिनिटं सुट्टी द्या. सगळे बाहेर जा. मी पण जातो."

फडका माझ्या कडेवर ठेवून साठ वादक बाहेर गेले. मी एकटाच भिजत राहिलो. इतकी वर्षे लोक मला चुकून विसरले होते, आज मुद्दाम विसरले. माझे कातडे जुने झाले होते, टिकेल की फाटेल ह्याची धाकधूक होती, पण त्याहून जास्त उत्सुकता होती.

दहा मिनिटांनी एल्मर आला. त्याने फडका उचलला, सूर लावला. लाल दिवा लागला. शिंगे, व्हायोलिने, झांजा, आणि मग मी. ओली बाजू दबली आणि सूर खाली बसला, अगदी पहिल्यासारखा जड आणि मऊ. काचेमागे केनचे डोके थोडे खाली गेलेले मी पाहिले. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने गुडघे वाकवले होते.

सगळे टाळ्या वाजवत होते. एल्मरने माझा घुमारा थांबवायला तळवा कातड्यावर ठेवला आणि तो उचललाच नाही. थेल्मा जवळ आली तेव्हा तो रडत होता.

"तुझी आई सगळ्यांत मोठ्यानं हसली असती," तो म्हणाला. "तिला वाटत राहिलं की मला ह्याची लाज वाटते."

"मग सांगितलं का नाहीत, बाबा?"

"आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत राहिलो. एकदा शेजारी बसून ऐक, एवढंच मागत होती ती."

थेल्माने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आता मी एका संगीत विद्यालयाच्या कोपऱ्यात असतो. मुले माझ्यावर कॉफीचे पेले ठेवतात, दप्तरे टाकतात, कधी बुक्क्यांनी वाजवून पाहतात. मित्रांनो, एवढे करू नका. जुन्या वाद्याला कोरडे ठेवा, झाकून ठेवा, अधूनमधून वाजवा. आणि तुमच्या हातून कधी फडका विसरला तर घरच्या माणसाला त्याच दिवशी सांगून टाका. चौदा सेकंदांचा आवाज चाळीस वर्षांनीही पुन्हा वाजवता येतो. तो ज्याने शेजारी बसून ऐकायचा, ते माणूस तेवढे थांबत नाही.